न लिहिलेल्या पत्राचा धनी

दिवाळीच्या सुमारास आपली माणसे किती हे कळण्याचे एक साधे साधन पूर्वी होते. ते म्हणजे टपाल. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पोस्टमनची पिशवी जड होई आणि त्याच्या सायकलीची घंटा ऐकून घरातले लहानमोठे सगळे ओट्यावर येत. हल्ली पिशवी हलकी झाली आहे, टपाल मात्र पूर्वीपेक्षा जड झाले आहे. धनत्रयोदशीच्या सकाळी फोनमधली पत्रपेटी उघडावी, तो तीस-चाळीस पत्रे येऊन पडलेली असतात. बँक शुभेच्छा देते, विमा कंपनी शुभेच्छा देते, चार वर्षांपूर्वी ज्या दुकानातून टेबलावरचा पंखा घेतला ते दुकानही शुभेच्छा देते. प्रत्येक पत्रात माझे नाव बिनचूक असते. पुष्कळ पत्रांत नावाआधी 'प्रिय' असते. आणि यांतली बहुतेक पत्रे कोणीच लिहिलेली नसतात.

हे मी अलंकाराने म्हणत नाही. ज्या घटकेला ते पत्र निघाले त्या घटकेला जगात कोठेही असा एक मनुष्य नव्हता, की ज्याच्या मनात 'मी अमक्याला हे कळवीत आहे' असा विचार होता. पत्र आहे, ते मला पोचले आहे, त्यात मला उद्देशून काही म्हटले आहे. पण म्हणणारा नाही. मग त्यातले म्हणणे खोटे निघाले, किंवा कोणाच्या जिव्हारी लागले, तर त्याचा धनी कोण? हा प्रश्न वरवर पाहता यंत्रज्ञांचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो, आणि घरोघरीचा वाटतो. म्हणून सणाच्या दिवसांत वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम हे टपाल निघते कसे ते पाहिले पाहिजे. मी इंदापूरला पस्तीस वर्षे मराठी शिकवले. संगणकाचे मला जे ज्ञान आहे ते माझ्या भाच्याकडून आलेले. तो बारामतीला राहतो आणि वेब ॲप्लिकेशन तयार करून देण्याचा व्यवसाय करतो. शाळेचे प्रवेश, दुकानाचा हिशेब, संस्थेच्या सभासदांची खाती ही कामे ब्राउझरमधून करता यावी म्हणून जो प्रोग्राम लिहितात तो वेब ॲप्लिकेशन. असा प्रोग्राम आज कोणी कोऱ्या पाटीवरून लिहीत नाही. घर बांधताना दाराखिडक्यांच्या चौकटी तयार आणाव्यात, तशी एक तयार चौकट घेतात; तिला फ्रेमवर्क म्हणतात. भाचा वापरतो त्या चौकटीचे नाव ग्रेल्स. ग्रूव्ही नावाच्या भाषेवर ती उभी आहे आणि तिची १.० ही आवृत्ती २००८ साली निघाली. चौकटीला जे आयते जोड बसवता येतात त्यांना प्लगिन म्हणतात, आणि ई-मेल पाठवण्यासाठी असाच एक प्लगिन आहे.

"हे बघा मामा," म्हणून त्याने मला पडद्यावरच्या चार ओळी दाखवल्या. पहिलीत 'मेल पाठव' अशी आज्ञा. तिच्या पोटात 'कोणाला', 'विषय' आणि 'मजकूर'. एवढ्यावर पत्र जाते. मी म्हटले, "अरे, पण यात 'कोणाकडून' ही ओळ नाही."

"ती दर वेळी लिहावी लागत नाही. सेटिंगच्या फाइलीत एकदा पत्ता घालून ठेवायचा. जिथे पाठवणाऱ्याचे नाव दिलेले नसेल तिथे तोच लागतो."

मला थोडे थांबावे लागले. आम्ही मुलांना पत्रलेखन शिकवताना खाली नाव न लिहिणाऱ्याचे गुण कापत होतो. आणि येथे सर्व गोष्टींत गाळली तरी चालेल अशी गोष्ट कोणती, तर लिहिणाऱ्याचे नाव! 'कोणाला' या जागीही नाव नव्हतेच; तेथे रिकामी जागा होती. रोज पहाटे घड्याळाच्या ठोक्याला प्रोग्राम जागा होई, सभासदांची यादी चाळी, ज्यांचा वाढदिवस त्या दिवशी असेल त्यांची नावे एकेक करून त्या जागी बसवी आणि पत्रे सोडून देई.

आणखी एक शब्द त्याने दाखवला. तो घातला म्हणजे ॲप्लिकेशन पत्र जाईपर्यंत खोळंबत नाही. ते काम बाजूला सोपवून पुढे चालू लागते. त्यामुळे पडद्यावर 'आपणांस ई-मेल पाठवला आहे' अशी अक्षरे उमटतात तेव्हा तो मेल कदाचित अजून दारातच असतो.

"म्हणजे पाठवला नसताना पाठवला म्हणायचे?"

"तसे नाही मामा. पाठवायला दिला आहे."

जन्मभर काळ शिकवलेल्या माणसाला पूर्णकाळाचा हा उपयोग रुचणे कठीण होते. पण ते असो.

यावर कोणी म्हणेल, की ठरीव मजकुराची पत्रे काय आजची आहेत? तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद, शेवटी कळावे आणि लोभ असावा, हे सारे आपण तरी कोठे स्वतःच्या मनाने रचीत होतो? यादवांच्या काळच्या हेमाद्रीच्या नावावर पत्रांचे मायने घालून देणारी मेस्तके सांगितली जातात. म्हणजे तयार साच्याची परंपरा मराठीत निदान सातशे वर्षांची आहे. तारखात्याने तर त्यावर कळस चढवला होता. दिवाळीचा, ईदचा, नव्या वर्षाचा, परीक्षेतल्या यशाचा, असे शुभेच्छांचे मजकूर ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. तार करणाऱ्याने नुसता क्रमांक सांगायचा. आठ नंबर म्हटले की नवदांपत्याला शुभेच्छा पोचत. तारेची सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. परंतु तिच्या उभ्या आयुष्यात आठ नंबरची तार आली म्हणून कोणी रुसले असेल असे मला वाटत नाही.

अक्षर स्वतःचे असावे हीही अट नव्हती. लिहिता न येणाऱ्या आईने सांगावे आणि शेजारच्या शाळामास्तराने पलटणीतल्या मुलाला लिहावे, हे प्रत्येक खेड्याने पाहिले आहे. ते पत्र मास्तराचे नसे, आईचे असे. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायचे राहून गेले. वाचून दाखवण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी कोरा कागद हाती धरून सगळा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला. आख्यायिका घडलेली असो वा रचलेली, तिच्यातला अर्थ महत्त्वाचा आहे. कागद कोरा होता तरी पत्र होते, कारण सांगणारा होता आणि त्याचे सांगणे ऐकून मनात ठेवणारा होता. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही शहाजीराजांची जहागीर. आमच्या या मुलखातल्या देशमुख-कुलकर्ण्यांच्या हाती जी कागदपत्रे येत त्यांतले अक्षर कारकुनाचे असे, पण वर मुद्रा असे, आणि मजकूर संपला तेथे मर्यादेची लहानशी मुद्रा उमटवलेली असे, म्हणजे मागाहून कोणी एक ओळ वाढवू नये. अक्षर कोणाचेही असो. या मुद्रेपर्यंत जे आहे ते माझे, असे तो कागद सांगत असे.

तेव्हा मजकूर उसना असणे हा यंत्राच्या पत्राचा दोष मानता येत नाही. मग वेगळे काय आहे? मला वाटते, वेगळी आहे ती पाठवण्याची घटका. तारघरात आठ नंबर सांगणारा मनुष्य त्या घटकेला रांगेत उभा असे, त्याने पदरचे पैसे मोजलेले असत, आणि ज्याच्या घरी लग्न आहे तो त्याच्या डोळ्यांपुढे असे. उसन्या शब्दांच्या मागे स्वतःची अर्धी दुपार असे. आताच्या पत्रात मजकूर एका मनुष्याने तीन वर्षांपूर्वी ठरवला, रिकाम्या जागा दुसऱ्याने सोडल्या, यादी तिसऱ्याने भरली, आणि पत्र आज पहाटे गेले तेव्हा हे तिघेही झोपलेले होते.

याने काय होते ते एका गोष्टीवरून सांगतो. इंदापुरात माझ्याबरोबर गणित शिकवणारे माझे स्नेही श्रावणात वारले. त्यांचे एका पतसंस्थेत खाते होते. वहिनींनी मृत्यूचा दाखला दिला, सह्या केल्या, खाते बंद होऊन रक्कम त्यांच्या नावावर झाली. सर्व काही रीतीप्रमाणे झाले. कार्तिकात त्यांच्या वाढदिवसाला फोन वाजला. त्याच संस्थेचे पत्र होते: प्रिय सर, आपले पुढील आयुष्य सुखाचे आणि भरभराटीचे जावो. खात्यांची वही आणि वाढदिवसांची यादी या दोन निरनिराळ्या ठिकाणी होत्या. एकीला कळले होते, दुसरीला कळले नव्हते.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना बिचाऱ्यांना माहीत नसेल. तुम्ही उत्तर लिहून कळवा." मी उत्तर लिहिले. ते काही क्षणांतच परत आले. या पत्त्यावर पत्र स्वीकारले जात नाही. वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले, "मग हे लिहिलं कुणी?"

दुसऱ्या वर्षी कार्तिकात ते पत्र पुन्हा आले. या खेपेला त्या एवढेच म्हणाल्या, "रागवायचं तरी कुणावर?"

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागावे तर एकेक दार बंद होत जाते. संस्थेचा व्यवस्थापक म्हणेल, सभासदांना आपुलकी वाटावी एवढाच माझा हेतू होता. प्रोग्राम लिहिणारा म्हणेल, यादीत नाव होते, मी काय करणार? यादी ठेवणारा म्हणेल, मला कोणी कळवले नाही. प्लगिन लिहिणाऱ्यांना इंदापूर कोठे आहे हेही ठाऊक नसणार. प्रत्येक जण खरे बोलतो आहे आणि प्रत्येक जण निर्दोष आहे. दुःख मात्र झाले आहे, आणि ते एका खऱ्या बाईला झाले आहे. अपराधी नसलेला अपराध, ही या काळाची नवी वस्तू आहे.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी शब्दाचा विचार फार खोल केला. न्यायशास्त्र म्हणते, शब्द हे प्रमाण खरे, पण कोणाचा शब्द? जो आप्त आहे त्याचा. म्हणजे ज्याला गोष्ट नीट ठाऊक आहे आणि ती जशीच्या तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे त्याचा. शब्दाची किंमत बोलणाऱ्याच्या किमतीवर. मीमांसक उलट बाजूने निघाले. बोलण्यात दोष शिरतात ते बोलणाऱ्याच्या अज्ञानातून किंवा कपटातून. वेदाला कोणी कर्ताच नाही, तो अपौरुषेय आहे, म्हणून त्यात दोष शिरायला वाट नाही, असे त्यांचे म्हणणे. वेदाबद्दल कोणी काय मानावे तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. परंतु मला अलीकडे असे दिसते, की कचेऱ्याकचेऱ्यांतून एक नवे अपौरुषेय वाङ्मय निर्माण झाले आहे. विचारावयास जावे, तर टेबलामागचा मनुष्य म्हणतो, "ते सिस्टिमवरून आपोआप जाते." कर्ता नाही म्हणून दोष नाही, हा मीमांसकांचा युक्तिवाद त्याने न शिकता उचललेला असतो. फरक एवढाच, की येथे दोष डोळ्यांना दिसत असतो आणि कर्ता नसल्याचे केवळ सोंग असते. कारण ती चार ओळींची आज्ञा कोणीतरी लिहिलेली आहे, आणि कोणीतरी ती लिहायला सांगितलेली आहे.

आता गंमत अशी, की ज्यांनी या टपालाचे नियम घालून दिले त्या यंत्रज्ञांनी धन्याचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला पत्र पाठवण्याची सोय १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी केली. माणूस आणि त्याचे यंत्र यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घालण्याची कल्पना त्यांचीच. पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपालाच्या देवघेवीचा जो संकेत लिहिला तोच थोड्याफार फरकाने अजून चालू आहे. तो वाचताना मला आपल्याकडच्या शिष्टाचाराची आठवण झाली. दोन यंत्रे भेटली म्हणजे आधी नमस्कार होतो. आज्ञा चार अक्षरी असावी म्हणून इंग्रजी 'हेलो'तला एक 'एल' गाळला आहे, एवढेच. मग पाठवणारा सांगतो, पत्र कोणाकडून आहे. मग, कोणासाठी आहे. मग मजकूर. आणि मजकूर संपला की एका ओळीवर एकटा एक पूर्णविराम. जणू मर्यादेची मुद्राच.

त्या टिंबानंतर घेणारे यंत्र दोनशे पन्नास हा आकडा उत्तरादाखल देते. हा आकडा म्हणजे नुसती पावती नव्हे. तो देणाऱ्याने त्या घटकेपासून पत्राची जबाबदारी पत्करली, असा त्या संकेताचा स्पष्ट अर्थ आहे: एक तर ते पोचवावे, नाही तर पोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे, मुकाट्याने टाकून द्यावे असे नाही. ती कळवण्याची चिठ्ठीही पोचली नाही तर तिच्याबद्दल दुसरी चिठ्ठी निघेल, आणि दोन यंत्रे एकमेकांपाशी जन्मभर रडगाणे गात बसतील. म्हणून त्या चिठ्ठीवर परतीचा पत्ता कोरा ठेवतात. टपाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाचा एक पत्ता असलाच पाहिजे, हाही नियम आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याला ठोठावायला एक दार असावे, एवढाच त्याचा हेतू. आपोआप निघालेल्या पत्राच्या माथ्यावर तसे सांगणारी खूण घालण्याची सोय २००४ सालच्या नियमांत आहे. आणि पत्राला संस्थेची गुप्त किल्लीने केलेली सही जोडण्याची डीकेआयएम नावाची पद्धत २००७ साली निघाली. ती सही काय सांगते? मजकूर खरा आहे असे ती सांगत नाही. या पत्राची काही जबाबदारी आम्ही घेतो, एवढेच ती सांगते. २०२४ पासून जीमेल आणि याहू या मोठ्या टपालवाल्यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना अशा सहीची, आणि एका टिचकीसरशी यादीतून नाव काढता येण्याची सक्ती केली आहे.

म्हणजे यंत्राने यंत्राशी कसे वागावे हे ठरवताना जबाबदारीचा धागा कोठे तुटू नये म्हणून एवढी काळजी घेतली. तो तुटला तो शेवटच्या हातभर अंतरावर, यंत्र सोडून माणूस सुरू होतो तेथे. 'उत्तर पाठवू नये' हा पत्ता कोणत्याही यंत्राने मागितलेला नाही. तो माणसांनी शोधून काढला. तुला बोलण्याचा अधिकार मला आहे, माझ्याशी बोलण्याचा तुला नाही, असे पूर्वी मोठे सरकारदेखील इतक्या उघडपणे म्हणत नसे. त्याच्याही दारात अर्जाची पेटी असे.

भाचा मात्र सहज हार मानणारा नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही एकच बाजू बघता. आपल्याकडची गोष्ट घ्या. नीरा डाव्या कालव्याला पाणी कधी सुटणार, उसाची तोड कोणाची कधी लागणार, काट्यावर वजन किती भरले, हे पूर्वी आधी कोणाला कळायचे?"

मला उत्तर देता येईना, कारण ते मला माहीत होते. ज्याची कचेरीत ऊठबस त्याला आधी कळायचे. ज्याचे दोन एकर कालव्याच्या शेपटाला, त्याला कळायचे तेव्हा पाळी निघून गेलेली असायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या कालव्याचे पाणी आले आणि माळरानाचे उसाचे मळे झाले, साखर कारखाने उभे राहिले. पण पाण्याबरोबर बातमीही सारखी वाहिली असे कोणी म्हणणार नाही. माणूस लिही तेव्हा माणसे पाहून लिही. यंत्राला जात दिसत नाही, जमिनीचा आकडा दिसत नाही, कोण कोणाचा पाहुणा ते दिसत नाही. यादीतल्या पहिल्याला आणि शेवटच्याला ते एकाच पहाटे, त्याच शब्दांत लिहिते. नोकरीसाठी अर्ज केलेल्या मुलाला 'आपली निवड झाली नाही' एवढे दोन ओळींचे यंत्राचे पत्र येते. पूर्वी तेही येत नसे, आणि बापलेक महिनोन्‌महिने पोस्टमनकडे डोळे लावून बसत. न येणाऱ्या पत्रापेक्षा कोणीही न लिहिलेले पत्र पुष्कळ बरे, हे मला मान्य करावे लागले. आणि ते मी मनापासून मान्य करतो. यंत्राचा निर्विकारपणा हा न्यायाचाही एक गुण आहे.

तेव्हा यंत्राने पत्र लिहावे की नाही, असा प्रश्न विचारणेच व्यर्थ आहे. कोणते पत्र लिहावे आणि कसे लिहावे, असे विचारले पाहिजे. मला त्यात एक भेद करावासा वाटतो. वृत्त आणि भाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कालव्याला गुरुवारी पाणी सुटेल, हे वृत्त आहे. ते कोणी सांगितले याला महत्त्व नाही. ते खरे असले आणि वेळेवर आले म्हणजे झाले. येथे यंत्र माणसापेक्षा सरस आहे. परंतु आनंद झाला, दुःख झाले, आपले भले व्हावे, हे भाव आहेत. आणि ज्याला भाव झाला तो कोणी नसेल तर ते वाक्य खोटेही नसते, पोकळ असते. आनंद झाल्याचे पत्र आले आणि आनंद कोणालाच झालेला नाही, तर त्या शब्दाचे नाणे थोडे झिजते. अशी कोट्यवधी पत्रे रोज निघाली, तर उद्या खरोखर आनंद झालेल्या मनुष्याने कोणता शब्द वापरावा? शुभेच्छा फुकट झाल्या याचे मला दुःख नाही. त्या कोणाच्याच राहिल्या नाहीत, याचे आहे.

आणि वृत्ताच्या पत्रालाही धनी हवाच. त्याची परीक्षा मी अशी करीन: ज्याच्याकडे उत्तर जाते तो पत्राचा धनी. मजकूर कोणी लिहिला, प्लगिन कोणी केला, पहाटे कोण जागा होता, हे सगळे सोडून द्या. वाचणाऱ्याने उत्तर लिहिले तर ते उघडून वाचणारा मनुष्य ठरलेला आहे की नाही, एवढे पाहा. असेल तर पत्र यंत्राने लिहिले तरी ते त्या माणसाचे आहे, जसे मास्तराने लिहिले तरी ते आईचे होते. नसेल, तर ते पत्र निनावी आहे, मग वर संस्थेचे नाव सोनेरी अक्षरांत का असेना.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दोन हजार सभासदांची उत्तरे कोण वाचत बसणार?"

मी म्हटले, "दोन हजारांना लिहिताना हा प्रश्न कोणी विचारला होता का?"

तो हसला, पण तो कसबी मनुष्य आहे, कामातली गोष्ट त्याला कळते. त्याच्या प्लगिनमध्ये एक चांगली सोय आहे. ॲप्लिकेशन तयार होत असताना चाचणीची पत्रे चुकून खऱ्या लोकांना जाऊ नयेत म्हणून सेटिंगमध्ये एक पत्ता घालून ठेवता येतो. मग पत्र कोणाच्याही नावाचे असो, ते त्या एकाच पत्त्यावर येते. भाचा तेथे स्वतःचा पत्ता घालतो. मी त्याला म्हटले, ही तुमच्या शास्त्रातली सर्वांत मोठी नीती आहे. दुसऱ्याला पाठवायचे ते आधी आपल्या दारी येऊ द्यावे. आपल्या संतांनी आणि तत्त्वज्ञांनी ज्याला आत्मौपम्य म्हटले ते हेच. फक्त ते पत्र येईल तेव्हा ते प्रोग्राम लिहिणारा म्हणून वाचू नकोस. ज्याचा बाप महिन्यापूर्वी गेला त्याच्या जागी बसून वाच. ज्याची तोड लांबली त्याच्या जागी बसून वाच.

पुढे त्याने आपल्या एका गिऱ्हाइकाला पटवून पत्रांवर खरा परतीचा पत्ता घातला आणि खाली एक ओळ वाढवली: हे पत्र संगणकाने पाठवले आहे; उत्तर दिल्यास आमच्या कचेरीतला मनुष्य ते वाचील. दोन हजारांतून उत्तरे आली ती महिन्याकाठी वीस-बावीस. कोणी पत्ता बदलल्याचे कळवले, कोणी रक्कम चुकल्याचे. दोघांनी लिहिले, की वडील वारले, यादीतून नाव कमी करावे. तेव्हा भाच्याच्या ध्यानात आले, की उत्तरे वाचणे हा केवळ उपकार नव्हता. त्यानेच यादी खरी राहत होती. न ऐकणाऱ्याची यादी दिवसेंदिवस खोटी होत जाते, आणि मग तो मेलेल्यांना दीर्घायुष्य चिंतीत बसतो.

बारामतीला राहून आणि लिहून मोरोपंत १७९४ साली गेले. देवाला घातलेल्या हाकांच्या त्यांच्या काव्याला त्यांनी 'केकावली' म्हटले, म्हणजे मोराच्या केकांची माळ. मोर ओरडतो तो मेघाने ऐकावे म्हणून. उत्तर येईल की नाही ते मेघावर आहे, पण ओरडणाऱ्याची मान वर असते आणि कान उघडे असतात. बोलणे हे मुळात असे असते. ज्याने कान आधीच झाकून घेतले आहेत त्याच्या तोंडून निघतो त्याला आवाज म्हणता येईल, हाक म्हणता येणार नाही.

वहिनींची गोष्ट राहिली. दुसऱ्या पत्रानंतर त्या स्वतःच त्या संस्थेच्या शाखेत गेल्या आणि फोन पुढे केला. टेबलावर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता, नोकरीला लागून त्याला चार महिनेही झाले नव्हते. त्याने ते पत्र लिहिले नव्हते, यादी केली नव्हती, सरांना तो ओळखतही नव्हता. 'सिस्टिमवरून जाते' असे म्हणून त्याला मोकळे होता आले असते, आणि ते खरेही होते. पत्र वाचून तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, आमची चूक झाली. मी आत्ता नाव काढतो."

'आमची' हा शब्द त्याला कोणी शिकवला मला ठाऊक नाही. तो उभा राहिला त्या क्षणी, दोन वर्षे बेवारशी हिंडणाऱ्या त्या पत्राला धनी मिळाला. प्रोग्राम पुढेही आपोआप पत्रे पाठवतील, आणि ती अधिकाधिक गोड भाषेत पाठवतील. त्याला माझी हरकत नाही. प्रत्येक यंत्रामागे असा उठून उभा राहणारा एक जण असावा, एवढेच मागणे आहे. या दिवाळीत वाचकांना येणाऱ्या शुभेच्छांत थोड्या तरी अशा असोत, की ज्यांना उत्तर लिहिले तर ते कोणीतरी वाचील.